बुधवारच्या बाई

अटलांटा
२० ऑक्टोबर १९९६

प्रिय बाबा,

काल फोनवर मी जे ओरडले त्यातलं तुम्हाला काय ऐकू आलं कोण जाणे. मी काहीही विचारलं तरी तुम्ही "हो, हो, इथं हवा चांगली आहे" म्हणत होता. जन्मभर बोटीच्या इंजिनाला खेटून उभं राहिलेल्या कानांना मी दोष देत नाही. पण म्हणूनच हे पत्र. पत्र तुम्हाला दोनदा वाचता येतं आणि मला ओरडावं लागत नाही.

विमा कंपनीचं उत्तर अर्लीन आत्याने मला वाचून दाखवलं. तुम्ही ते खेकड्यांच्या पिंजऱ्याखाली सारून ठेवलं होतंत म्हणे. तिच्यावर रागावू नका. वादळानंतर तिनेच तुम्हाला तिच्या चाकांवरच्या घरात जागा दिली आहे. तर कंपनी म्हणते, छप्पर मुळातच जुनं होतं, त्याचे पैसे मिळणार नाहीत. घरातली लाकडी जमीन मालकानेच स्वतःच्या हाताने फोडली, तिचेही मिळणार नाहीत. वाऱ्याचा आणि पाण्याचा असे दोन्ही विमे आपण त्याच कंपनीकडे इतकी वर्षं चालू ठेवले, ते कशासाठी?

बाबा, कंपनीच्या माणसाला तुम्ही खरंच सांगितलंत, की भोकं तुम्ही पाडलीत?

तुम्ही ती का पाडलीत हे मला माहीत आहे. आपल्या फिडलर पॉइंटचं शेंबडं पोरही सांगेल, की पाणी ओसरीवर चढलं की कुऱ्हाड घ्यायची, जमिनीच्या फळ्या फोडायच्या आणि पाणी आत घ्यायचं. घर जड होतं आणि खांबांवर बसून राहतं. नाहीतर लाकडी घर होडीसारखं उचलून जातं. मी हे इथल्या माझ्या सहकारी शिक्षिकेला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे पूर आला की तुम्ही लोक त्याला आत बोलावता?" मी म्हटलं, हो, पाहुण्यासारखा. तिने विषय बदलला.

मी इथल्या ग्रंथालयात बसून चौकशी केली आहे. पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणून माणसं असतात. कंपनीचा माणूस कंपनीसाठी नुकसान मोजतो, तसा हा आपल्या बाजूने मोजतो आणि आपल्या वतीने कंपनीशी भांडतो. मिळालेल्या रकमेचा दहावा हिस्सा त्याचा. टॅम्पाच्या एक मिसेस केसादा आहेत. त्यांचा परवाना खरा आहे की नाही हे मी राज्याच्या विमा कार्यालयात फोन करून तपासलं. त्यांना येऊ द्या. मे संपायच्या आत दुरुस्ती सुरू झाली नाही तर काउंटीचे अधिकारी घर पाडणार, असं दारावर लाल कागद लावून त्यांनी सांगितलंच आहे. आपल्यावर अन्याय होत असेल तर गप्प बसणं हाही अन्यायच, असं मी माझ्या चौथीच्या मुलांना शिकवते. मग माझ्याच घरी मी वेगळं कसं वागू?

इथे माझ्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. सकाळी डोळे उघडले की अजून पहिल्यांदा मनात येतं, आत्ता भरती असेल की ओहोटी.

तुमची
लेनी

०

फिडलर पॉइंट
२८ ऑक्टोबर

लेनी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तू ओरडतेस असंच वाटलं.

मी खोटं का सांगू? कंपनीचा पोरगा आला, बूट असे चकाचक की त्यात भांग पाडावा. त्याने विचारलं, "काका, जमीन कशाने फुटली?" मी म्हटलं, कुऱ्हाडीने. "कुणाच्या?" म्हटलं, माझ्या. वर कुऱ्हाड आणून दाखवली. त्याला वाटलं म्हातारा चळला. मला वाटलं पोराला अक्कल आली. दोघांनीही खुश होऊन निरोप घेतला.

हॉलिसचं घर तुला आठवतं ना, शेजारचं? त्याने मागच्याच वर्षी जमिनीला महागडं लाकूड बसवलं होतं. कुऱ्हाड हातात धरून उभा राहिला, पण घाव घालवेना. आता त्याचं घर खाजणात आडवं पडलंय, न्हाणीघर आभाळाकडे तोंड करून. त्याच्या टबात बगळा बसतो. हॉलिस रोज जाऊन त्याला शिव्या घालतो.

तुझ्या त्या बाईंचं म्हणशील, तर दहावा हिस्सा चर्चमध्येही मागतात, आणि तिथे निदान गाणी तरी असतात. आत्या म्हणते, बोलाव, बघू तरी. तू एवढी शिकलीस, घरात पहिली तूच, तुझा शब्द मोडायला मला जड जातं. तर येऊ देत एकदा. बसायला ओसरी उरलेली नाही, उभ्यानेच बोलतील आणि लवकर जातील.

बोय मासा यंदा भरपूर आहे. धुरावून ठेवलाय. पाठवला तर तुझ्या इमारतीतले लोक पोलीस बोलावतील, म्हणून पाठवत नाही.

बाबा

०

फिडलर पॉइंट
१५ नोव्हेंबर

लेनी,

बाई आल्या. बुटक्या, माझ्याहून थोड्या लहान, पायात रबरी बूट, पांढऱ्या केसांना रुमाल. क्यूबातून लहानपणी आलेल्या आहेत. स्वतःची काळी कॉफी बाटलीतून आणतात आणि पेरूचा मुरंबा भरलेल्या पुऱ्या. कॉफी अशी, की चमचा उभा राहावा.

आल्या आल्या त्या आडव्या तुळयांवर पोटावर झोपल्या आणि भोकांतून खाली बघत राहिल्या. मी म्हटलं, झालं, आता या पण मला वेड्यात काढणार. त्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "मिस्टर पर्विस, हे घाव घातले नसते तर मी आज तुमच्या शेजाऱ्याच्या बगळ्याशी बोलत असते." मग म्हणाल्या, विम्याच्या कागदातच लिहिलंय, की घर वाचवायला मालकाने होईल ते सगळं करायचं. तुम्ही केलंत. कंपनीने तुमचे आभार मानायला हवेत. असं मी त्यांना जरा कडक शब्दांत लिहीन.

छपराचे खिळेही बघितले. वर उपसलेत, वाकलेत, म्हणजे वाऱ्याने ओढलेत. छप्पर जुनेपणाने सुटलं असतं तर खिळे गंजून तुटलेले दिसले असते, असं म्हणाल्या. तेही लिहिणार.

मला वाटलं संपलं. तर त्यांनी कागद उलटला आणि म्हणाल्या, "आता आतलं. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काय होतं?"

मी म्हटलं, स्वयंपाकघर. म्हणाल्या, तसं नाही, एकेक वस्तू. काय, कितीची आणि किती जुनी. आणि लेनी, वस्तू किती जुनी म्हणून विचारलं, की केव्हा आणली ते सांगावं लागतं. केव्हा आणली ते सांगितलं, की का आणली तेही येतंच. मग उशीर झाला. त्या पुढच्या बुधवारी येते म्हणाल्या.

बाई फार प्रश्न विचारतात.

बाबा

०

अटलांटा
८ डिसेंबर १९९६

प्रिय बाबा,

मला किती बरं वाटलं! बघा, सत्य बोलून नुकसान होत नाही. फक्त ते नीट मांडणारं कुणीतरी लागतं. मिसेस केसादांनी छप्पर आणि जमिनीचे कागद कंपनीला पाठवले का? आतल्या वस्तूंचं काम आता झालंच असेल. झालं की मला कळवा. म्हणजे वसंतात सुतार लावता येतील.

कानात घालायचे थेंब पाठवले होते ते घालता ना? बोटीवर जाताना कोट घालत जा.

नाताळला येणं जमेल असं दिसत नाही. शाळेत मुलांचं नाताळचं नाटक आहे आणि त्यातल्या मेंढ्या सगळ्या माझ्याच वर्गातल्या आहेत. आत्याला सांगा, माझ्या वाटचा मक्याचा पाव तिने खावा.

तुमची
लेनी

०

फिडलर पॉइंट
९ जानेवारी १९९७

लेनी,

नाताळ झाला. आत्याने हॅम जाळला आणि दोष माझ्या कानांना दिला. म्हणे ओव्हनची घंटा मी ऐकायला हवी होती.

छप्पर-जमिनीचे कागद गेले. आम्ही दोघं अजून स्वयंपाकघरातच आहोत.

काय आहे, की बाई काम चोख करतात. आईची खुर्ची घे. तिचे पाय जमिनीला टेकत नसत म्हणून तिने खुर्चीचेच पाय कापले होते, तुला आठवतं? त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे, त्यामुळे ती खुर्ची कायम तिचीच राहिली. मी बाईंना विचारलं, अशा खुर्चीची किंमत काय धरणार? बाई गंभीरपणे म्हणाल्या, "कापायच्या आधी की नंतर?" मी इतका हसलो की हॉलिस धावत आला.

मग निळी कॉफीची किटली. मग पिठाचा डबा, ज्यात पीठ कधीच नव्हतं, जाळ्याची बुचं होती. प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो.

तुझी आत्या मला छळते. "बुधवार आला वाटतं. दाढी झाली, भांग पडला. दहा टक्क्यांत एवढं सगळं येतं का?" मी ऐकू आलं नाही असं दाखवतो. कानांचा हा एक फायदा.

बाबा

०

अटलांटा
२ फेब्रुवारी १९९७

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हसायला आलं, पण नंतर काळजी वाटली. नोव्हेंबर ते जानेवारी, आणि अजून स्वयंपाकघर?

माझ्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढ्याशा घराच्या वस्तू मोजायला दोन दुपारी पुरतात. एकट्या म्हाताऱ्या माणसाशी गोड बोलायचं, कॉफी पाजायची, काम लांबवायचं आणि मुदत जवळ आली की नको त्या कागदावर सही घ्यायची, असले प्रकार वादळानंतर खूप होतात. ते म्हणाले, "त्या बाई दर आठवड्याला टॅम्पाहून एवढ्या लांब येतात, त्या काही पेरूच्या पुऱ्या खायला येत नसतील."

बाबा, त्यांना मीच शोधलं, म्हणून जबाबदारी माझीच आहे. मे दूर नाही. घर पाडलं तर मी कुठे येऊ? आत्याच्या घरी माझं स्वागत होईल, मला माहीत आहे. पण सुट्टीत पाहुणी म्हणून जाणं वेगळं आणि घरी जाणं वेगळं.

म्हणून मी राज्याच्या कार्यालयात त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आहे. तुम्ही सही कशावरही करू नका. तुमच्या भल्यासाठीच केलं आहे. तुम्हाला आज पटलं नाही तरी पुढे पटेल.

तुमची
लेनी

०

टॅम्पा
२४ फेब्रुवारी १९९७

प्रिय मिस पर्विस,

तुमच्या तक्रारीची प्रत मला कार्यालयाकडून मिळाली. नियमाप्रमाणे तिचा निकाल लागेपर्यंत मी तुमच्या वडिलांचं काम थांबवलं आहे. हे मी त्यांना पत्राने कळवलं नाही. स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना कागदावरून कळावं असं मला वाटलं नाही.

तुम्ही तक्रार केलीत याचा मला राग नाही. माझ्या धंद्यात लुच्चे लोक आहेत, आणि माझी मुलगी असती तर तिनेही हेच करावं असं मला वाटलं असतं. छप्पर आणि जमिनीचा दावा मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच पाठवला. कंपनीने अजून मान्य केलेला नाही, पण त्यांचा दुसरा, वरचा माणूस येऊन पाहील असं कबूल केलं आहे. घरातल्या वस्तूंचं काम एक खोली सोडून पूर्ण आहे. तेवढ्यासाठी अंतिम कागद अडला आहे.

उशीर का झाला, ते मी कार्यालयाला लिहिलेलं नाही. परवाना गेला तरी लिहिणार नाही. ते सांगणं माझं काम नव्हे. कृपा करून तुमच्या वडिलांना विचारा. पण तक्रारीसारखं विचारू नका.

आपली
इनेस केसादा

०

फिडलर पॉइंट
३ मार्च

लेनी,

उशीर बाईंनी केला नाही. मी केला.

स्वयंपाकघर एका दुपारी संपलं असतं. मी संपू दिलं नाही. बाई कागद आवरायला लागल्या की मी म्हणायचो, थांबा, त्या फडताळात अजून एक होतं. त्यांना कळत होतं. पहिल्या एक-दोन बुधवारांतच कळलं असावं. त्या पेन खिशाला लावायच्या, कॉफी ओतायच्या आणि म्हणायच्या, "बरं, मग ओलेटा काय म्हणाली?"

तुझ्या आईचं नाव मी किती दिवसांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, माहीत आहे?

ती गेली तेव्हा गावाने जेवण आणलं. महिनाभर चूल पेटवावी लागली नाही. मग ताटं यायची थांबली आणि तिचं नावही थांबलं. लोक वाईट नाहीत. मी दुकानात शिरलो की बायका बोलणं बदलतात, मला दुखेल म्हणून. हॉलिस माझ्याशी फक्त माशांबद्दल बोलतो. आत्या तिचा फोटो बघते आणि ताट घासायला लागते. आणि तू. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. त्यात हवा आहे, शाळा आहे, माझे कान आहेत. ती एकदाही नाही. मला वाटलं, पोरीने शहरात नवं आयुष्य मांडलंय, तिला हे ओझं नको. म्हणून मीही नाव काढलं नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग एक परकी बाई आली, छप्पर नसलेल्या घरात उभी राहिली आणि विचारलं, डाव्या हाताला काय होतं. आणि नुसतं विचारलं नाही, थांबली.

तू म्हणशील, मुदत होती, घर जाईल. मला ते कळत होतं. मी मनाशी म्हणायचो, पुढच्या बुधवारी संपवू. पण घर परत मिळवण्यासाठी ते सांगून संपवायचं, आणि ते संपलं की सांगायला कुणी नाही, यात मला काही सुचत नव्हतं.

एक खोली राहिलीय ती तुझी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. पण खरं सांगू? ती मला सांगताही येत नाही. तिथे तुम्ही दोघी असायचात. दार लोटलेलं असायचं, आतून आवाज यायचा, आणि मी तेवढा ऐकून बोटीकडे जायचो. तेव्हा ऐकू यायचं.

त्या बाईंनी सोमवारी येऊन मला सांगितलं, की आता येता येणार नाही. तरीही बुधवारी मी घरी गेलो आणि बसून राहिलो. दाढी केली होती.

रागावलो नाही. रागावलो होतो, पण लिहिता लिहिता राग उतरला.

बाबा

०

अटलांटा
१० मार्च १९९७

प्रिय बाबा,

तक्रार मागे घेतली. कार्यालयाला लिहिलं, की चूक माझी होती आणि मिसेस केसादांबद्दल मला फक्त आदर आहे. त्यांनाही लिहिलं. ते पत्र लिहायला मला या पत्राहून कमी वेळ लागला.

मला वाटायचं, तुम्ही तिच्याबद्दल बोलत नाही म्हणजे तुम्हाला बोलायचं नाही. मला वाटायचं, जखम भरत आलीय, मी खपली काढू नये. पुस्तकात असतं तसं सगळं मी समजून घेतलं होतं, फक्त तुम्हाला विचारलं नव्हतं. आणि डिसेंबरात नाटक होतं, पण ते सुट्टी लागण्याआधीच झालं होतं. घर पडक्या अवस्थेत बघायचं धैर्य नव्हतं. ती नाही हे मला इथे कळत नाही, बाबा. इथे ती कधीच नव्हती. तिथे आले की कळेल, म्हणून आले नाही.

आता माझी खोली. मिसेस केसादा विचारतात तशी सांगते.

आत आल्यावर समोर खिडकी, खाजणाकडे उघडणारी. खिडकीखाली लोखंडी पलंग, तुम्ही हॉलिसकडून बोय माशांच्या बदल्यात घेतलेला. त्याचा एक पाय मोडका होता आणि त्याखाली वीट होती. डाव्या भिंतीला माझं टेबल, म्हणजे दोन पेट्यांवर टाकलेलं दार. उजवीकडे भिंतीत एक मोठा खिळा.

त्या खिळ्याला आई जाळं अडकवायची आणि पलंगावर बसून ते विणायची, फाटलेलं सांधायची. घरात वारा फक्त त्याच खोलीत यायचा, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. मी अभ्यासाला बसले की ती म्हणायची, "मोठ्याने वाच. माझे हात गुंतलेत, कान रिकामे आहेत." मी वाचायचे आणि ती विणायची. तुम्ही दाराबाहेरून जो आवाज ऐकायचात तो हा. गप्पा नव्हत्या, बाबा. शाळा होती.

ती सहावीत शाळेतून निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. पण माझ्याबरोबर तिने सातवी केली, आठवी केली, सगळी केली. वनस्पती स्वतःचं अन्न कशा बनवतात हे वाचलं तेव्हा तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "म्हणजे खाजणातलं गवत आपल्याआधी जेवतं." गुलामगिरीचं प्रकरण तिने मला तीनदा वाचायला लावलं. बीजगणित तिला आवडायचं नाही. म्हणायची, ज्याला नाव नाही त्याचा हिशोब कोण ठेवणार. पण उत्तर माझ्याआधी सांगायची. चुकलं तर जाळ्याच्या सुईने माझ्या डोक्यावर टकटक करायची, उत्तर माझं चुकलेलं असो की तिचं.

मी कॉलेजला निघाले त्या सकाळी तिने विचारलं, "आता मला कोण वाचून दाखवणार?" हसत विचारलं. मीही हसले. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. तुम्ही हसाल म्हणून नव्हे. तुम्हाला वाईट वाटेल, तिला शिकायचं होतं आणि तुम्ही कधी विचारलं नाही याचं, म्हणून.

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही माझं नाव गावभर सांगता. मला प्रत्येक वेळी वाटतं, तुमचं मोजायचं चुकतंय.

खिडकीला पडदा होता, पिवळा, आईच्या जुन्या झग्याचा. किंमत काय लावायची ते मिसेस केसादा ठरवतील. किती जुना, ते तुम्ही सांगा. तो झगा घालून ती पहिल्यांदा कुठे गेली होती ते मला माहीत नाही.

तुमची
लेनी

०

फिडलर पॉइंट
१९ मे

लेनी,

मधल्या चिठ्ठ्यांत नुसतंच "चाललंय" लिहिलं, कारण चालत होतं आणि हात रिकामा नव्हता. आज नीट लिहितो.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. मोठ्याने. मला वाटलं मी हळू वाचतोय, पण आत्या म्हणते रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं आणि हॉलिस कुंपणाशी उभा राहून नाक पुसत होता. बाईंनी सगळं लिहून घेतलं. शाळेच्या भागाची किंमत धरता येत नाही म्हणाल्या.

पिवळा झगा तिने सीडर कीच्या बंदरातल्या नाचाला घातला होता. मी दुसऱ्या मुलीला घेऊन गेलो होतो. बाकीचं समोरासमोर सांगेन, लिहिण्यासारखं नाही.

कंपनीचा वरचा माणूस आला. त्याने भोकं बघितली आणि मान हलवायला लागला. बाईंनी त्याचा दंड धरला आणि त्याला थेट हॉलिसच्या घराकडे नेलं, गुडघाभर चिखलातून. म्हणाल्या, "साहेब, आता सांगा. कुठल्या घराचे पैसे द्यायला तुम्हाला परवडतील? त्या उभ्या, की या झोपलेल्या?" त्याचा बूट चिखलात राहिला तो राहिलाच. पुढच्या महिन्यात पत्र आलं: छप्पर, जमीन, आतलं, सगळं मंजूर. काउंटीचा माणूस येऊन लाल कागद काढून गेला. सुतार लागलेत.

बाई शेवटच्या बुधवारी आल्या, त्यांचा हिस्सा घेतला आणि धुरावलेला बोय घेतला. कागद सगळे संपले होते. निघताना त्या पायरीवर जरा रेंगाळल्या. मग मला सुचलं. मी विचारलं, "बाई, तुमच्या आईच्या घरात, तिकडे हवानाला, दारातून आत गेल्यावर काय होतं?" त्यांनी हातातला बोय खाली ठेवला. मग पायरीवर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत सांगत राहिल्या. मधे मला ऐकू येईना तेव्हा त्यांनी ओरडून सांगितलं. आत्याने त्यांना रात्री जाऊ दिलं नाही, दोघी एका खोलीत झोपल्या. आता आत्या बुधवारी टॅम्पाला फोन लावते.

वाऱ्याने उखडलेल्या भिंतीही, तुझ्या खोलीची सोडून, पुन्हा उभ्या राहिल्या. तुझ्या खोलीपाशी सुतार काल थांबला आणि म्हणाला, काका, इथली खिडकी कुठल्या अंगाला होती? रस्त्याकडे की खाजणाकडे? तुझं पत्र माझ्या वरच्या खिशातच होतं.

मी म्हटलं, मला काही आठवत नाही बुवा. ते माझ्या मुलीलाच माहीत.

तो म्हणाला, मग ही भिंत तशीच उघडी ठेवतो, त्या येईपर्यंत.

जूनमध्ये शाळा सुटते ना तुझी?

बाबा